कुत्रीचा शिरा

गुरुवारी नानासाहेबांच्या दारात गाड्या लागायच्या. मिटमिटा गावाच्या पुढं डोंगराच्या अंगाला कॉलनी म्हणजे विखुरलेली थोडी घरं आणि मधेमधे तारेचं कुंपण घातलेले रिकामे प्लॉट. तिथवर शहरातून माणसं यायची, हातात पेढ्यांचा बॉक्स, दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे घेऊन. अंगणात औदुंबर होता, औदुंबराखाली दत्ताची तसबीर, आणि तसबिरीपुढं नाना आदल्या दिवशी धुऊन-पुसून काढलेली आठ-दहा कुत्री साखळीला बांधून ओळीनं बसवायचे. कपाळाला गंध, गळ्यात झेंडूची माळ. माणसं कुत्र्यांना पेढा भरवायची, पाया पडायची, फोटो काढायची. जाता जाता एखादा गाडीच्या डिकीतून आणखी एक कुत्रं बाहेर काढायचा. बदली झाली, घरात लहान मूल आलं, कुत्रं म्हातारं झालं, फार भुंकतं. कारण काहीही असायचं. नाना हात जोडून म्हणायचे, दत्ताच्या दारात आलेला जीव मी परत पाठवत नाही. आणून सोडणारा डोळे पुसत गाडीत बसायचा. नको झालेलं कुत्रं टाकायचं आणि वर पुण्य घेऊन घरी जायचं, अशी सोय सगळ्या जिल्ह्यात दुसरीकडं कुठं नव्हती.

घराच्या मागं पत्र्याचं लांब शेड होतं. ते बघायला कुणी मागत नव्हतं. त्याचा वास उदबत्तीतूनही यायचा, पण एवढी जनावरं म्हटल्यावर वास यायचाच, असं एकमेकांना सांगून माणसं जरा पुढं सरकून उभी राहायची आणि आरती म्हणायची. नानांची बायको वच्छलाबाई त्या सगळ्यांना चहा द्यायच्या. कप परत घेताना कुणी म्हणायचं, काकू, तुम्ही किती नशीबवान. वच्छलाबाई मान हलवायच्या.

नाना मुळात वाईट नव्हते, हे आधी सांगितलेलं बरं. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात त्यांची हयात गेली. दिवसभर नाना हे द्या, नाना ते द्या, असं ऐकायची सवय लागलेला माणूस रिटायर होऊन घरी बसला आणि त्याला हाक मारणारं कुणी उरलं नाही. मुलगा सुदर्शन पुण्याला. त्याचा फोन यायचा तो आईला. अशात एका गुरुवारी नाना पोथी वाचत होते आणि एक काळं कुत्रं येऊन त्यांच्या पायाशी बसलं. शेजारचे पुंजाराम, पोलिसातून निवृत्त झालेले, कुंपणावरून म्हणाले, नाना, दत्तच आले की तुमच्याकडं. ते थट्टेत म्हणाले असतील, पण नानांनी ते मनात धरलं. मग दुसरं कुत्रं आलं, तिसरं आलं, मग लोक आणून सोडायला लागले, मोबाइलवर फोटो फिरायला लागले, आणि नानांना पुन्हा सगळीकडून हाका यायला लागल्या. त्या हाकांची त्यांना चटक लागली होती, असं वच्छलाबाईंचं मत होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

आलेलं कुत्रं परत पाठवायचं नाही, हा नानांचा नियम. ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, हाही नियम. नसबंदी म्हणजे पाप, आणि डॉक्टरपेक्षा अंगारा बरा. अशानं शेड भरत गेलं. कधीकधी सकाळी उजाडता उजाडता नाना कुदळ घेऊन मागच्या रिकाम्या जागेत जायचे. त्यावर घरात बोलणं व्हायचं नाही. मागच्या दिवाळीत वच्छलाबाई शेडमध्ये गेल्या आणि दारातच त्यांना उलटी झाली. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. ज्याला किळस येते त्यानं तिथं पाय ठेवू नये, असं म्हणून त्यांनी शेडची किल्ली गळ्यातल्या रुद्राक्षाच्या माळेत ओवली. तेव्हापासून वच्छलाबाईंचं काम एवढंच, पत्र्याच्या खालच्या फटीतून भाकरी आत सरकवायची. किल्ली गेली याचं त्यांना तेव्हा बरंच वाटलं होतं. आत काय आहे ते न बघता भाकरी सरकवता येत होती.

चिमी मात्र शेडमधली नव्हती. ती कुणी गाडीतून आणली नव्हती की गुरुवारी ओळीत बसत नव्हती. एका बाजाराच्या दिवशी वच्छलाबाईंच्या पिशवीमागं लागून आलेली, तांबूस रंगाची, एक कान मोडलेली गावठी कुत्री. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात गोणपाटावर झोपायची. वच्छलाबाई भाकरी थापताना तिच्याशी बोलायच्या. नवऱ्याशी न बोललेलं बरंच साचलेलं असायचं, ते सगळं चिमीच्या वाट्याला यायचं, आणि चिमी मोडका कान हलवून ऐकून घ्यायची.

होळीनंतर चिमीचं पोट दिसायला लागलं. पुढच्या एका गुरुवारी कुणा हौशी बाईनं कौतुकानं तिच्या पोटाला हात लावला आणि चिमी गुरगुरली. बाई किंचाळली, लोक गोळा झाले. नाना उठले, चिमीला मानगुटीला धरून मागं नेलं आणि शेडमध्ये ढकलून कुलूप घातलं. संध्याकाळी गाड्या गेल्यावर वच्छलाबाईंनी हातापाया पडून पाहिलं. ती माझी आहे हो, म्हणाल्या. नाना शांतपणे म्हणाले, "इथं माझं-तुझं काही नाही. सगळं त्याचं आहे." आणि तसबिरीकडं बघितलं. देवाचं नाव पुढं केलं की बायकोचं तोंड बंद होतं, हे त्यांना इतक्या वर्षांत चांगलं कळलं होतं.

ऊन वाढत गेलं. नळाला पाणी आठवड्यानं यायचं, टँकर त्याच्या मर्जीनं यायचा. दुपारी शेडच्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता. सोमवारी सकाळी वच्छलाबाई भाकरी सरकवायला वाकल्या आणि आतून बारीक कुईकुई ऐकू आली. त्या तिथंच मातीत आडव्या झाल्या आणि फटीला डोळा लावला. एका मोडक्या लोखंडी खाटेखाली तो ओळखीचा कान दिसला, आणि पोटाशी काहीतरी वळवळत होतं. त्यांनी हाक मारली तशी चिमी फरफटत आली आणि फटीतून त्यांची बोटं चाटायला लागली. जीभ कोरडी होती, तव्यासारखी गरम. भाकरी आत गेली तशी बाकीच्या कुत्र्यांनी झडप घातली. चिमीच्या तोंडाला घासही लागला नाही.

वच्छलाबाई तशाच मातीच्या हातांनी नानांपुढं उभ्या राहिल्या. "चिमी व्यालीय. तिला भायेर काढा, नायतर किल्ली तरी द्या. अशानं तिला दूध उतरायचं नाय, पिल्लं मरतील." नाना पोथीत बघत म्हणाले, ज्यानं पिल्लं दिली तोच दूध देईल.

त्या पुन्हा शेडकडं गेल्या. कुलपाशेजारी एक दगड पडला होता. तो त्यांनी उचलला, बराच वेळ हातात धरला आणि खाली ठेवला. कुलूप तोडलं तर नाना दुसरं लावणार. चिमीला काढलं तर परत आत टाकणार. आणि सांगायचं कुणाला? वासाला कंटाळून पुंजारामनी मागं तक्रार केली होती. कुठल्याशा कार्यालयातून दोन माणसं आली ती नेमकी गुरुवारी. त्यांनी माळा घातलेली कुत्री बघितली, पेढा खाल्ला, नानांच्या पाया पडून गेली. त्या तक्रारीवरून कॉलनीत भांडण पेटलं आणि सगळ्यांशी बोलणं तुटलं. नाना म्हणाले, हे नास्तिक लोक. वच्छलाबाईंनीही त्या रागात समोरच्या लीलाबाईंना नको ते ऐकवलं होतं. तुम्हाला देवाधर्मातलं काय कळतंय, असं. अंगणवाडीत जन्म काढलेल्या, रोज सकाळी बुद्धवंदना म्हणणाऱ्या लीलाबाईंना त्या वाक्याचा रोख कळायला वेळ लागला नव्हता. त्या घरात निघून गेल्या होत्या.

दगड खाली ठेवताना वच्छलाबाईंना देवगाव रंगारी आठवलं, त्यांचं माहेर. तिथं गल्लीतली कुत्री व्याली की पोरंपोरी परात घेऊन निघायची. कुत्रीच्या शिऱ्याला पीठ घाला, तेल घाला, गूळ घाला, असं ओरडत प्रत्येक दारात. कुणी मूठभर पीठ घालायचं, कुणी पळीभर तेल, कुणी गुळाचा खडा. गल्लीतला कडुबा म्हातारा भिकाऱ्याला हाकलून लावायचा, पण कुत्रीच्या शिऱ्याला तोही तेल द्यायचा. मग कुणाच्या तरी अंगणात चूल मांडून शिरा व्हायचा आणि ओल्या बाळंतिणीला खाऊ घालायचे. ती कुत्री कुणाच्या मालकीची नसायची, म्हणून तिचं बाळंतपण सगळ्या गल्लीच्या अंगावर असायचं. आणि एक रीत पक्की होती. ज्याच्या घरचं पीठ, त्याला पिल्लं बघायचा हक्क. त्याला कुणी नाही म्हणायचं नाही.

वच्छलाबाईंच्या मनात तो बेत तिथंच शिजला. कॉलनीतलं माणूस एरवी आलं तर नाना फाटकातूनच वाटेला लावणार. पण गुरुवारी ते कुणालाच नाही म्हणत नाहीत, आणि शहरातली चारचौघं बघत असताना तर नाहीच. म्हणजे गुरुवार. तोवर चिमी धीर धरील, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि फटीतून दुधात कालवलेल्या भाकरीचे गोळे खाटेच्या दिशेनं फेकत राहिल्या. त्यातले किती चिमीला मिळतात ते त्यांना दिसत नव्हतं.

बुधवारी दुपारी नानांचा डोळा लागल्यावर त्या परात घेऊन निघाल्या. साठीची बाई, डोक्यावर पदर, उन्हात हातात रिकामी परात. पहिलं दार लीलाबाईंचं. दुसरं कुठलंही आधी घेतलं असतं तर धाडस संपलं असतं. लीलाबाई दारात आल्या. या म्हणाल्या नाहीत.

"कुत्री व्यालीय," वच्छलाबाई म्हणाल्या. "शिऱ्याला पीठ मागायला आले."

लीलाबाई परातीकडं बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला. आमच्या सिल्लोडकडं पण पोरं अशीच यायची, म्हणाल्या, आणि आत जाऊन पीठ आणलं, वर गुळाची ढेप फोडून मोठा खडा ठेवला. परात परत देताना त्यांनी ती लगेच सोडली नाही. "पीठ दिलं म्हणल्यावर पिल्लं बघायला यावं लागंल, वच्छलाबाई."

"त्याच्यासाठीच आले. उद्या या. समद्यांनी या."

"उद्या का? आत्ता चला की."

"आज ते दार उघडायचे नायत. गुरुवारी चारचौघांत त्यांना नाय म्हणता यायचं नाय."

लीलाबाई म्हणाल्या, "बाळंतीण गुरुवारची वाट बघत नसती."

वच्छलाबाईंना ते टोचलं. त्यांना मागच्या भांडणाचंही काही बोलायचं होतं, पण परात सावरून त्या पुढच्या दाराला गेल्या. कारखान्यात कामाला असलेल्या कृष्णाची बायको अमृता, नवीनच आलेली पोरगी, तिनं तेल दिलं. तिला रीत माहीत नव्हती, ऐकून मजा वाटली. मुलांना घेऊन येते म्हणाली. पोरांना आणू नको, वच्छलाबाईंनी बजावलं. पुंजारामनी काही न विचारता पीठ घातलं आणि फक्त म्हणाले, येतो. कुणी नाही म्हटलं नाही. परात जड झाली.

गुरुवारी अंगणात कॉलनीतली माणसं बघून नानांना भरून आलं. इतक्या दिवसांनी शेजाऱ्यांना दत्तानं बुद्धी दिली, असं त्यांनी शहरातल्या लोकांना सांगितलंसुद्धा. पुंजारामना स्वतः हाताला धरून पुढं बसवलं. लीलाबाई आरतीला उभ्या राहिल्या नाहीत, फाटकाशी थांबल्या. नानांनी त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. आरती झाली, प्रसाद वाटला. वच्छलाबाई चुलीवरून गरम शिऱ्याची परात घेऊन बाहेर आल्या. गुळाचा आणि तेलाचा खमंग वास सुटला होता. सगळ्यांसमोर नानांपुढं उभं राहून त्या म्हणाल्या, "हा चिमीचा शिरा. समद्या कॉलनीनं पीठ दिलंय. आता त्यांना पिल्लं दाखवायची रीत हाय. किल्ली द्या."

नानांचा चेहरा क्षणभर आक्रसला. बाळंतीण आहे, नजर लागते, असं काहीतरी पुटपुटले. पण शहरातल्या बायका तोवर पिल्लांचं नाव ऐकून पुढं आल्या होत्या, कुणी मोबाइल काढला होता. आणि नानांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं. ते कसनुसं हसू नव्हतं, खरं होतं. वच्छलाबाईंना सगळ्यात जास्त भीती त्या हसण्याचीच वाटली. "चला," नाना म्हणाले, "दत्ताचा संसार बघून घ्या." आणि स्वतः पुढं होऊन त्यांनी कुलूप काढलं.

दार उघडलं आणि पहिल्यांदा सगळ्यांना कळलं ते हे, की एवढी कुत्री असून भुंकणं नव्हतं. दाराजवळची दोन उठायला धडपडली आणि परत बसली. जमीन दिसत नव्हती. एका लांब केसांच्या कुत्र्याचे केस घाणीनं इतके चिकटले होते की तोंड कुठलं ते कळत नव्हतं. एकाच्या कानात गोचिडं दाटीनं भरली होती. पाण्याची टाकी होती, तिच्या तळाला हिरवट चिखल. अमृता तोंडाला पदर लावून पळाली. मोबाइल धरलेली एक बाई पुढं झाली आणि थबकली. कोपऱ्यातल्या हाडकुळ्या पांढऱ्या कुत्र्याकडं बघून ती हलक्या आवाजात म्हणाली, ब्रुनो? पावसाळ्यात तिनंच त्याला इथं आणून सोडलं होतं. कुत्र्यानं मान उचलली नाही. शेपूट एकदा जमिनीवर आपटली, बस.

नाना आत फिरत होते, एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवत होते, पाहुण्यांना घर दाखवावं तसे. हा शेरू, हा खंड्या, ही लक्ष्मी, लई गुणाची.

"नाना," लीलाबाई दारातून म्हणाल्या, "ती मेलीय."

"झोपलीय," नाना म्हणाले. "दुपारची झोपते ती." आणि त्यांनी लक्ष्मीच्या डोक्यावरून हात फिरवला. माश्या उठल्या आणि परत बसल्या.

वच्छलाबाई परात घेऊन खाटेपाशी पोचल्या, गुडघ्यावर बसल्या. खाटेखाली चिमी होती. नुसती कातडी आणि डोळे. तिच्या पुढच्या पायांमध्ये एक पिल्लू होतं, वाळून ताठ झालेलं, आणि ती त्याला चाटत होती. सोमवारी पोटाशी बरीच वळवळत होती. बाकीची कुठं गेली ते त्या भुकेल्या शेडमध्ये कुणाला विचारायची गरज नव्हती. वच्छलाबाईंनी परात पुढं सारली. शिऱ्याचा वास शेडभर गेला आणि आत्तापर्यंत मेल्यागत पडलेली कुत्री उठली. ती चारी बाजूंनी आली. परात उलटली, वच्छलाबाई आडव्या झाल्या, दोन-तीन कुत्री शिऱ्याबरोबर माती गिळत एकमेकांना फाडायला लागली. पुंजाराम काठी आपटत आत घुसले. त्या गोंधळात वच्छलाबाईंनी चिमीकडं हात नेला. इतक्या वर्षांत चिमी त्यांच्यावर कधी गुरगुरली नव्हती. आता तिनं दात दाखवले.

शेवटी लीलाबाई आत आल्या. डोक्यावरचा पदर सोडून त्यांनी तो चिमीवर टाकला आणि तिला पिल्लासकट गुंडाळून उचललं. चिमीनं त्यांना काही केलं नाही. जाताना लीलाबाईंनी वच्छलाबाईंकडं बघितलंसुद्धा नाही.

पुढचं सगळं मग भराभर झालं. पुंजारामनी फोन केले. प्राण्यांचं बघणाऱ्या संस्थेची माणसं तोंडाला फडकी बांधून आली. काही कुत्री वाचली, बरीच वाचली नाहीत. मागची जागा खणली तेव्हा तिथं जमलेले बघे एकेक करून निघून गेले. मोबाइलवर आता दुसरे फोटो फिरायला लागले, आणि ज्यांनी नानांच्या पायावर डोकं ठेवलं होतं तेच त्यांना राक्षस म्हणायला लागले. कुत्रं आणून सोडणाऱ्यांपैकी एकानंही आपलं नाव सांगितलं नाही. नानांवर केस झाली. तारखेला पुंजारामच त्यांना घेऊन जायचे. घरी असले की नाना रोज रिकाम्या शेडच्या दारात बसून हाका मारायचे, शेरू, खंड्या, लक्ष्मी. किल्ली अजून माळेत होती.

एका गुरुवारी झाल्या प्रकाराचा पत्ता नसलेल्या कुणाची तरी गाडी येऊन थांबली. आतल्या माणसानं पुठ्ठ्याचा खोका काढला, त्यातून ओरडणं ऐकू येत होतं. नाना उठून हात जोडायला निघाले. वच्छलाबाईंनी फाटक लावून घेतलं. "परत न्या," म्हणाल्या. "इथं जागा नाय." माणूस रागावून निघून गेला. तो पुढच्या वळणावर खोका उतरवील, हे त्यांना ठाऊक होतं. वळणापर्यंत त्या धावत गेल्या. रस्त्यावर काही नव्हतं. त्यांना त्यानं जरासुद्धा बरं वाटलं नाही.

चिमी लीलाबाईंच्या ओट्याखाली राहते. अंगावर परत मांस धरलंय तिनं. अमृताची पोरं तिला बिस्किटं देतात, पुंजाराम दूध देतात, समोरच्या गल्लीतलंही कुणीकुणी काही टाकतं. देवगावात गल्लीतली कुत्री असायची तशी ती आता कुणाचीच नाही. वच्छलाबाई रोज संध्याकाळी तव्यावरची ताजी भाकरी तेल लावून घेऊन जातात. लीलाबाई फाटक उघडतात. दोघींचं बोलणं फारसं होत नाही, पण फाटक उघडतात. एकदा वच्छलाबाईंनी विचारलं होतं, त्या दिवशी तुम्ही म्हणाल्यात तेव्हाच शेड उघडायला गेलो असतो तर? लीलाबाई म्हणाल्या, "पिल्लांतली तीन-चार तरी वाचली असती."

वच्छलाबाई येताना दिसल्या की चिमी उठते आणि पाण्याच्या ड्रममागं जाऊन उभी राहते. मोडका कान तेवढा बाहेर दिसतो. त्या भाकरी कुस्करतात, ताटलीत ठेवतात, पूर्वीसारखं काहीतरी बोलून बघतात आणि फाटकाबाहेर पडतात. रस्त्याच्या कडेला जाऊन मागं वळून बघितलं की चिमी ड्रममागून निघालेली असते, ताटलीवर वाकलेली. काल वच्छलाबाई जरा जास्त वेळ बघत थांबल्या. चिमीनं तोंड वर केलं, खायचं थांबवलं आणि त्या जायची वाट बघत उभी राहिली. मग वच्छलाबाई निघाल्या.